सर्व्हरची रोजकीर्द : नेटवर्क चालवण्याची विद्या महाविद्यालयांत कशी घडली?

१/
लॉस एंजेलिस, २९ ऑक्टोबर १९६९. रात्रीचे साडेदहा वाजले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बोल्टर हॉलमधील एका खोलीत चार्ली क्लाइन हा विद्यार्थी सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथे असलेल्या संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवू पाहत होता. ‘एल’ गेला, ‘ओ’ गेला आणि पलीकडचा संगणक कोलमडला. सुमारे तासाभराने दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. क्लाइनने खोलीतल्या वहीत वेळ लिहून एका ओळीची नोंद केली.

आजचा धागा त्या वहीविषयी आणि ती लिहिणाऱ्यांच्या परंपरेविषयी आहे.

२/
इंटरनेटचा जन्म म्हणून ही कथा अनेकदा सांगितली जाते. पण एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा नवा डोलारा रोज चालता ठेवायचा कोणी? कोलमडलेला संगणक पुन्हा उभा करायचा कोणी, आणि ते काम तो शिकला कोठे?

त्या वेळी या विषयाचा अभ्यासक्रम नव्हता, पाठ्यपुस्तक नव्हते आणि शिकवणारा गुरूही नव्हता. नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळण्याची विद्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी आणि तरुण कर्मचाऱ्यांनी काम करता करता घडवली. शिकणाऱ्यांच्या हातून घडल्यामुळे तिला काही गुण लाभले आणि काही दोषही चिकटले.

३/
आधी कामाचे स्वरूप पाहू. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची सेवा करणारा संगणक. तो पत्रे पोहोचवतो, फायली सांभाळतो, कोणाला आत घ्यायचे ते ठरवतो. त्याची व्यवस्था पाहणाऱ्याने खाती उघडायची, बंद करायची, विदेच्या प्रती काढून ठेवायच्या, बिघाड शोधायचा आणि प्रत्येक घटनेची नोंद ठेवायची.

पेशवाईतील फडावरच्या कारकुनाचे काम आठवावे. हिशेब जुळतो तोवर त्याचे नाव कोणी काढत नाही. तो चुकला की मात्र सारा दरबार त्याला शोधू लागतो.

४/
अर्पानेट हा अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘अर्पा’ या संस्थेचा प्रकल्प होता. त्यातील कामाची विभागणी महत्त्वाची आहे. संदेशांची ने-आण करणारी यंत्रे बीबीएन या कंपनीने बांधली. त्यांना ‘इम्प’ म्हणत. पण इम्पला जोडलेल्या विद्यापीठीय संगणकांनी एकमेकांशी नेमके कसे बोलायचे, हे ठरवण्याचे काम विद्यापीठांवर सोपवले गेले.

प्रत्येक ठिकाणचा संगणक वेगळा होता, त्याची कार्यप्रणाली वेगळी होती. प्राध्यापकांनी हे किचकट काम आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे दिले.

५/
स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ, जॉन पोस्टेल ही त्या विद्यार्थ्यांपैकी काही नावे. क्रॉकर यांनी पुढे सांगितले आहे, की पूर्वेकडून कोणीतरी अधिकारी तज्ज्ञ येतील आणि सूत्रे हाती घेतील, असे त्यांना वाटत राहिले होते. तसे कोणी आले नाही.

तेव्हा आपल्या बैठकांतील टिपणे लिहून काढावीत, असे ठरले. पहिले टिपण ७ एप्रिल १९६९ रोजीचे आहे. घरातल्या मित्रांची झोपमोड होऊ नये म्हणून क्रॉकर यांनी ते रात्री न्हाणीघरात बसून लिहिले.

६/
आपण अधिकार गाजवतो आहोत असे वाटू नये, म्हणून क्रॉकर यांनी या टिपणांना नाव दिले ‘अभिप्रायार्थ विनंती’. आज ती ‘आरएफसी’ या लघुनावाने ओळखली जातात. तिसऱ्या टिपणात लेखनाचे नियम आले. त्यांचा आशय असा, की विचार अपुरा असला तरी चालेल, उत्तराविना नुसता प्रश्न असला तरी चालेल. लिहिण्याचा संकोच मोडणे हा त्यामागचा हेतू होता.

इंटरनेट आजही ज्या नियमांवर चालते, त्यांतील बहुतेक नियम याच मालिकेत प्रसिद्ध झाले. ही मालिका पोस्टेल यांनी १९९८ मध्ये निधन होईपर्यंत संपादित केली. विद्यार्थ्यांच्या बुजरेपणातून निघालेली लेखनपद्धती साऱ्या जगाची रीत होऊन बसली.

७/
आता त्या वहीकडे वळू. बोल्टर हॉलमधील इम्पशेजारी ती ठेवलेली असे. ज्याने यंत्राला हात लावला, त्याने वेळ आणि घटना लिहायची. क्लाइनची ती नोंद आजही उपलब्ध आहे. त्या रात्रीचा हा समकालीन पुरावा आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रोजकीर्द ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे ओळखीचे वाटेल. आज काय आले, काय गेले, कोणाच्या हुकमाने गेले, हे त्याच दिवशी लिहायचे. सर्व्हर आज ज्या ‘लॉग’मध्ये स्वतःच्या नोंदी ठेवतो, ती त्याची रोजकीर्दच होय. बिघाड झाला की कसबी व्यवस्थापक आधी लॉग उघडतो आणि मग यंत्राला हात लावतो. इतिहासाचा विद्यार्थीही स्मरणाआधी कागद पाहतो.

८/
नेटवर्क वाढले तशी नावांची अडचण आली. कोणत्या नावाचा संगणक कोणत्या क्रमांकावर आहे, याची एकच यादी होती. ती मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचे पथक सांभाळत असे. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचे. त्यांनी यादी सुधारली की ती सर्वांनी उतरवून घ्यायची.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी याला पर्याय सुचवला. एक मोठी यादी मोडून प्रत्येक संस्थेने आपापल्या नावांचा भाग स्वतः सांभाळावा, अशी ती व्यवस्था होती. ती युनिक्सवर चालवणारा ‘बाइंड’ हा प्रोग्रॅम बर्कली विद्यापीठातील चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लिहिला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही जगभर चालतात.

९/
बर्कलीचे योगदान एवढ्यावर थांबत नाही. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुने नियम टाकून ‘टीसीपी-आयपी’ स्वीकारले. त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्सची ४.२ ही आवृत्ती टीसीपी-आयपीसह बाहेर पडली. बिल जॉय तेथे पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून आले होते आणि या युनिक्सच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. पत्रव्यवहार सांभाळणारा ‘सेंडमेल’ हा प्रोग्रॅमही तेथेच, एरिक ऑलमन यांच्या हातून झाला.

या युनिक्सच्या चुंबकीय फिती परवाना घेतलेल्या विद्यापीठांत जात, आणि फितीत मूळ कोडही असे. यंत्रणा चालवणारा विद्यार्थी ती वाचू शकत होता, बदलू शकत होता. या विद्येचे पहिले वाचनालय ते हेच.

१०/
ज्या विद्यापीठांना संरक्षण खात्याचे काम मिळत नसे, त्यांना अर्पानेटचे दार बंद होते. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यावर मार्ग काढला. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन हा विद्यार्थीही त्यात होता.

साधा टेलिफोन, मोडेम आणि युनिक्समधील ‘यूयूसीपी’ हा प्रोग्रॅम एवढीच त्यांची सामग्री होती. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेले संदेश देई-घेई आणि फोन ठेवी. या जाळ्याला ‘यूजनेट’ म्हणत. ‘गरिबांचे अर्पानेट’ असेही त्याला म्हटले जाई. हे यूयूसीपी लक्षात ठेवा. धाग्याच्या पुढच्या भागात ते मुंबईत भेटणार आहे.

११/
हा सारा अनुभव पुस्तकात उतरायला १९८९ साल उजाडले. कोलोरॅडो विद्यापीठातील प्राध्यापिका एव्ही नेमेथ मूळच्या गणिती. विभागातील यंत्रांची व्यवस्था पाहताना त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांनाच व्यवस्थापक केले. त्यांनी दोन सहलेखकांसह लिहिलेले युनिक्स व्यवस्थापनाचे हँडबुक या व्यवसायाचे प्रमाण पाठ्यपुस्तक ठरले.

विद्यार्थ्याच्या हाती खऱ्या यंत्राच्या किल्ल्या द्यायच्या आणि त्याला जबाबदारीने वागायला शिकवायचे, ही त्यांची पद्धत होती. जून २०१३ मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेले एक शिडाचे जहाज टास्मान समुद्रात नाहीसे झाले. त्यावरील सात जणांत नेमेथ होत्या.

१२/
आता या विद्येची दुसरी बाजू. लहान गावात दाराला कडी लावत नाहीत, तसे आरंभीचे नेटवर्क होते. सगळे ओळखीचे, सगळे अभ्यासू. एका संगणकावर ओळख पटली की दुसरा पुन्हा पासवर्ड विचारत नसे. ‘सेंडमेल’मध्ये दुरुस्तीसाठी ठेवलेला चोरदरवाजा अनेक ठिकाणी उघडाच राहिला होता.

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक प्रोग्रॅम नेटवर्कवर सोडला. तो स्वतःची प्रत काढत एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत असे.

१३/
या ‘किड्या’ने फायली पुसल्या नाहीत. यंत्रात आपली प्रत आधीच आहे का, हे तो तपासतही असे. पण कोणी खोटेच ‘आहे’ असे उत्तर देऊन त्याला अडवू नये, म्हणून दर सातांपैकी एका वेळी तो उत्तराची पर्वा न करता तेथेच ठाण मांडी. हे प्रमाण घातक ठरले. प्रतींवर प्रती साचल्या आणि यंत्रे गुदमरली. त्या काळच्या सुमारे साठ हजार यंत्रांपैकी सहा हजारांना बाधा झाली, असा अंदाज प्रसिद्ध आहे.

बर्कली, एमआयटी, पर्ड्यू, युटा येथील मंडळी रात्रभर त्याची चिरफाड करत बसली. काही तासांत उपायही सापडला. पण घाबरलेल्या अनेक संस्थांनी नेटवर्कची तार काढून ठेवली होती, त्यामुळे नेटवर्कवरून पाठवलेला उपाय त्यांना मिळू शकला नाही.

१४/
त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आपत्तींसाठी ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र स्थापन झाले. १९९० मध्ये मॉरिस यांना तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले.

रोग विद्यापीठातून निघाला आणि वैद्यही विद्यापीठातूनच आले. बंद दाराची सवय मात्र नेटवर्कला यानंतर लागली. विश्वास हा गृहीत धरण्याचा विषय उरला नाही. तो यंत्रणेत बांधून घेण्याचा विषय झाला.

१५/
आता आपल्याकडे येऊ. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा शिक्षण आणि संशोधनासाठीच्या नेटवर्कचा प्रकल्प सुरू केला. त्यात आठ सहभागी होते. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटी, आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग.

ही यादी पुन्हा वाचावी. आठांपैकी सहा ठिकाणी वर्ग भरत होते. टेलिफोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करणाऱ्या देशाने आपले नेटवर्क शिक्षणसंस्थांच्या हाती सोपवले होते.

१६/
आरंभीचे दोन बिंदू मुंबईतच होते. जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी. १९८७ च्या सुमारास या दोहोंत टेलिफोनवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले शास्त्रज्ञ. २०१४ मध्ये त्यांचा इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

पुढे ई-मेलचे हे जाळे इतर संस्थांत पसरले ते यूयूसीपीच्या आधाराने. फोन लावायचा, साठलेली पत्रे द्यायची-घ्यायची, फोन ठेवायचा. ड्यूकच्या विद्यार्थ्यांनी दारिद्र्यातून शोधलेली वाट आपल्याला सोयीची ठरली, कारण तिला स्वतंत्र तार लागत नव्हती.

१७/
१९८९ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेतील यूयूनेटपर्यंत भाड्याची स्वतंत्र तार मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे सेकंदाला सुमारे १,२०० अक्षरे.

हिशेब करून पाहा. आजच्या मोबाइलमधले तीन एमबीचे एक छायाचित्र या तारेवरून पाठवायला २,५०० सेकंद लागले असते. चाळीस मिनिटांहून अधिक, आणि तेवढा वेळ इतर सर्वांची पत्रे खोळंबली असती. अशा तारेवर कोणती वाहतूक आधी आणि कोणती नंतर, हे ठरवणे हेच व्यवस्थापकाचे शिक्षण होय. टंचाईच्या काळात धान्याच्या कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला असते, त्याला हिशेब आपोआप शिकावा लागतो.

१८/
आणखी एक पेच होता. जगात तेव्हा दोन नियमावल्या स्पर्धेत होत्या. एक विद्यापीठांत रुळलेली टीसीपी-आयपी, दुसरी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ओएसआय. अर्नेटने आरंभी दोन्ही चालवल्या. १९९५ पासून जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. शिकणाऱ्यांनी लिहिलेली नियमावली समित्यांनी लिहिलेल्या नियमावलीवर मात करून गेली.

१९८९ मध्येच भारताला ‘डॉट इन’ हे नाव मिळाले आणि त्याची व्यवस्था अनेक वर्षे एनसीएसटीने पाहिली. पवईची आयआयटी आणि पुण्याची आयुका यांचे जुने ई-मेल पत्ते ‘अर्नेट डॉट इन’ने संपत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांना खुले केले, तेव्हा आपल्या शिक्षणसंस्था त्या घरात कित्येक वर्षे नांदत होत्या.

१९/
सर्व्हर सांभाळण्याची विद्या मोजक्या श्रीमंत संस्थांच्या बाहेर कशी पडली? यातही एक विद्यार्थी आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्व्हाल्ड्स याने साध्या पीसीवर चालणारा युनिक्ससारखा प्रणालीगाभा लिहिला. फिनलंडच्या विद्यापीठीय नेटवर्कवरील एका सर्व्हरवर तो ठेवला गेला. त्या सर्व्हरचे व्यवस्थापक आरी लेम्के यांनी त्या फोल्डरला ‘लिनक्स’ असे नाव दिले आणि तेच कायम राहिले.

महागडे यंत्र नाही, परवाना नाही, तरीही जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील जुन्या पीसीवर सर्व्हर उभा करणे शक्य झाले. मूळ कोड पुन्हा एकदा वाचता येऊ लागले.

२०/
आज बहुतेक महाविद्यालये ई-मेल आणि साठवण मोठ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतात. त्याला सबळ कारणे आहेत. सुरक्षेचा भार वाढला आहे, मनुष्यबळ अपुरे आहे, आणि रात्री दोन वाजता उठून सर्व्हर पाहणारा कर्मचारी प्रत्येक संस्थेला परवडत नाही.

पण भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकता येत नाही. या विद्येच्या इतिहासातील प्रत्येक टप्प्यावर एक समान गोष्ट दिसते. कोणीतरी विश्वासाने एका शिकणाऱ्याला खरे यंत्र हाताळू दिले, बिघडवू दिले आणि दुरुस्त करायला लावले. प्रयोगशाळेत एखादा लहानसा सर्व्हर विद्यार्थ्यांच्या ताब्यात ठेवायला आजही फार खर्च येत नाही. ती जागा नाहीशी झाली, तर परीक्षेत व्याख्या लिहिणारे मिळतील, रात्री लॉग वाचणारे मिळणार नाहीत.

२१/
आणि आपल्यासारख्या इतिहासप्रेमींसाठी एक काम शिल्लक आहे. अमेरिकेत ती वही जपली गेली, आरएफसीची मालिका जशीच्या तशी वाचता येते, मिनेसोटा विद्यापीठाच्या चार्ल्स बॅबेज संस्थेत या पिढीच्या मुलाखती सुरक्षित आहेत. आपल्याकडे १९८७ साली पंचविशीत असलेला माणूस आज साठी ओलांडून गेला आहे. चुंबकीय फिती कागदाहून लवकर मरतात. जुना सर्व्हर भंगारात जातो, तेव्हा त्याचे दफ्तरही त्याच्याबरोबर जाते.

इतिहासाचार्य राजवाडे जुन्या वाड्यांतील रुमाल शोधत गावोगाव हिंडले, कारण ते कागद वाण्याच्या पुड्यांत जाण्याआधी वाचवायचे होते. आपल्या काळातील रुमाल सर्व्हर रूमच्या कपाटात आहेत.

२२/
मित्रहो, तुमच्या महाविद्यालयात नव्वदच्या दशकात संगणक विभाग सांभाळणारे कोणी शिक्षक, प्रयोगशाळा साहाय्यक किंवा तंत्रज्ञ असतील, तर त्यांच्याकडे एक दुपार जाऊन बसा. पहिले मोडेम कोठे ठेवले होते, तार तुटली की कोणाला फोन करत, पासवर्ड कोणाकडे असत, हे विचारा. त्यांच्या परवानगीने मुलाखत ध्वनिमुद्रित करा. वही असेल तर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

असे काही हाती लागले तर या धाग्याखाली अवश्य लिहा. विषयाची गोडी असलेल्या मित्रमैत्रिणींपर्यंत धागा पोहोचवावा, ही विनंती.